सासूबाईंना एकाच घरात राहू द्या, पाळी माणसांची लावा

ताई, तुमचं पत्र नीट वाचलं. तुमच्यासारख्याच अडचणीत असलेल्या इतरांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडते. गाव खानापूर तालुक्यात. सासूबाईंचं वय 76. सासरे मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झाले होते, ते आता नाहीत आणि त्यांची फॅमिली पेन्शन सासूबाईंना मिळते. दोन वर्षांपूर्वी विसरायला सुरुवात झाली. बेळगावच्या डॉक्टरांनी डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, सांगितला, डोनेपेझिलची गोळी चालू आहे. दिवेलागणीला त्या पिशवी भरतात आणि 'मला घरी जायचंय' म्हणून दार धरून बसतात. पैसे चोरले म्हणून तुमच्यावर आळ घेतात. रात्री झोपत नाहीत. तुमचे मालक उद्यमबागच्या कारखान्यांत शिफ्टला जातात, मोठे दीर पुण्याला, नणंद निपाणीला. आता घरात ठरतंय की सासूबाईंना चार-चार महिने तिघांकडं ठेवायचं. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, 'परवा माझा हात उठला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.' प्रश्न तीन आहेत: पाळीनं ठेवणं बरं का, त्यांना समजवायचं कसं, आणि आश्रमात ठेवलं तर ते चूक ठरेल का.

मी बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात बरीच वर्षं डिमेन्शिया झालेल्या माणसांच्या घरी जाते आणि त्यांना सांभाळणाऱ्यांबरोबर काम करते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्पष्टच देते: चार-चार महिन्यांची पाळी लावू नका.

आपल्याकडं म्हातारपणी आई-वडिलांना पाळीनं ठेवायची पद्धत आहे. धडधाकट माणसाला ते जमून जातं, कधी आवडतंही. डिमेन्शियात मात्र त्यानं हमखास नुकसान होतं. या आजारात नवीन गोष्ट डोक्यात बसत नाही, पण वर्षानुवर्षांची सवय बराच काळ टिकते. सासूबाईंना आज वार सांगता येत नसेल, पण रात्री उठून न्हाणीकडं कसं जायचं, चुलीजवळची फळी कुठं, परड्याचं दार कुठल्या बाजूला उघडतं, हे त्यांच्या पायांना आणि हातांना अजून माहीत आहे. त्या माहितीवरच त्यांचं निम्मं चालणं-फिरणं चाललंय. त्यांना पुण्याच्या फ्लॅटमध्ये नेलं की ती माहिती एका दिवसात निरुपयोगी होते.

चिकोडीकडच्या एका आजींना असंच लेकाकडं नेलं होतं. त्या रात्री उठून परडं शोधायच्या आणि शेवटी गॅलरीत लघवी करायच्या. घरच्यांनी धरलं की आजार एकदम वाढला. आजार होता तेवढाच होता, संडास सापडत नव्हता. गावाकडं परत आणल्यावर काही आठवड्यांत त्या आपल्या आपण जायला लागल्या. सगळ्यांचं असं परत जमतं असं नाही. काहींचं एकदा विस्कटलं की विस्कटलेलंच राहतं. म्हणून तो खेळ करू नये.

सासूबाई तिथंच राहू देत. पाळी बाकीच्यांनी त्यांच्या घरी येऊन करायची. निपाणीहून खानापूर काही लांब नाही. नणंदेनं दर महिन्याला आठ दिवस माहेरी येऊन राहावं आणि त्या आठ दिवसांत तुम्ही तुमच्या माहेरी जावं. घरात राहून 'मदत' नको, कारण तुम्ही समोर असलात की प्रत्येक हाक तुम्हालाच येणार. दिरांना रजा मिळत नसेल तर त्यांनी पैशाचा वाटा उचलावा, त्यातून गावातली एखादी समजूतदार बाई दुपारी दोन-तीन तास लावता येते. मालकांची साप्ताहिक सुट्टी असते त्या रात्री आईजवळ त्यांनी झोपायचं आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत, दार लावून.

हे तोंडी ठरवू नका. एका रविवारी सगळ्यांना बसवा आणि वहीत लिहा: कोण, कुठले दिवस, रात्र कुणाची, औषधं कोण आणणार, दवाखान्याला कोण नेणार, खर्च किती आणि कोणाचा. सासूबाईंच्या पेन्शनचे पैसे त्यांच्याच सेवेला वापरायला संकोच करू नका, पण पैशाचा हिशेब त्याच वहीत ठेवा. पुढं भावंडांत जी भांडणं होतात त्यातली बरीचशी 'आईचे पैसे कुठं गेले' यावरूनच होतात. अशा बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतं, 'एका म्हातारीला सांभाळायला एवढी माणसं कशाला?' त्यांना तिथल्या तिथं दोन दिवस आणि दोन रात्री एकट्यानं सांभाळायला सांगा. वादात पडू नका.

मी पाळीवर एवढा भर देते, त्याला कारण तुमचा उठलेला हात आहे. तुम्ही वाईट आहात म्हणून तो उठला नाही. महिनोन्‌महिने सलग झोप न मिळालेल्या माणसाचा हात उठतो. हे मी सासूची मनापासून सेवा करणाऱ्या सुनांकडून ऐकलंय आणि आईवर जीव असलेल्या लेकांकडूनही. पण ते झालं म्हणून सोडूनही देता येत नाही, कारण त्या वयात साध्या धक्क्यानं खुब्याचं हाड मोडतं. म्हणून आजपासून एक करा. राग कानशिलापर्यंत आला असं वाटलं की गॅस बंद करा, त्या सुरक्षित बसल्यात एवढं बघा आणि परड्यात निघून जा. त्या आतून ओरडल्या तरी पाच मिनिटं ओरडू देत. आणि तुमची स्वतःची तपासणी करून घ्या: बीपी, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉईड. रडू थांबत नसेल, कशातच मन लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल तर 14416 या टेलि-मानसच्या, म्हणजे मानसिक त्रासासाठीच्या सरकारी मदतीच्या, नंबरवर फोन करा. फोन फुकट आहे, भाषा निवडता येते, दिवसरात्र चालू असतो. तिथं तुमच्याबद्दल बोला, सासूबाईंबद्दल नंतर.

आता समजवण्याचं. ताई, समजवायचं सोडून द्या. त्यांच्या मेंदूचा जो भाग पुरावा तपासून मत बदलतो, तोच आजारानं खाल्लाय. 'हेच तुमचं घर, पन्नास वर्षं इथंच राहताय' हे तुम्ही कितीही पटवून सांगितलंत तरी त्यांच्या हाती एवढंच लागतं की ही बाई मला अडवतेय आणि हिचा आवाज चढलाय. काय बोललात ते पाच मिनिटांत पुसलं जातं. तुमच्या आवाजानं आलेली भीती मात्र तासभर राहते.

संध्याकाळी त्या 'घरी' म्हणतात ते बहुतेक त्यांचं माहेर असणार. तुम्ही लिहिलंय की माहेर चंदगडकडचं. मग 'जाऊया की, आधी चहा घेऊ' म्हणा. चहा घेताना तिकडचं विचारा: नदी घरापासून किती लांब, भाऊ किती, फणसाची झाडं होती का. दहा मिनिटं बोलू द्या. तरी उठल्याच तर चप्पल घालून बरोबर चला, देवळापर्यंत जाऊन या. परत येताना बहुतेक वेळा त्याच म्हणतात, 'चला, घर आलं.' यात तुम्ही खोटं वागत नाही. त्यांना घर हवं असतं म्हणजे जीवाला थारा हवा असतो, आणि तो तुम्ही देताय. सासऱ्यांबद्दल 'हे कुठं गेले?' म्हणून विचारलं तर 'ते वारले' असं दरवेळी सांगू नका. दरवेळी त्यांना ती बातमी पहिल्यांदाच कळते आणि दुःखही पहिल्यांदाच होतं. 'आठवण आली होय? कसे होते हो मामंजी तरुणपणी?' असं म्हणून त्यांना बोलतं करा.

संध्याकाळचा हा त्रास बऱ्याच जणांना होतो. दिवसभराचा थकवा, कमी होत जाणारा उजेड, कोपऱ्यातल्या सावल्या, स्वयंपाकाची गडबड हे सगळं एकाच वेळी येतं. म्हणून ऊन उतरायच्या आधीच घरातले दिवे लावा. पावसाळ्यात खानापूरकडं वीज जाते, तर चार्जिंगचा दिवा सोप्यात कायम लावलेला असू दे. दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासावर जाऊ देऊ नका. आणि चार ते सात या वेळात हातांना काम द्या. शेंगा फोडणं, भाजी निवडणं, वाती वळणं, धुतलेले कपडे घडी घालणं. घडी वाकडी पडली तरी त्यांच्यासमोर परत घालू नका.

निपाणीच्या एका आजींनी जन्मभर विड्या वळल्या होत्या. आजार पुढं गेल्यावर त्यांची बोटं रिकामी असली की लुगड्याचा पदर गुंडाळत राहायची, आणि मग चिडचिड, आरडाओरडा. त्यांच्या नातीनं सूप आणलं, त्यात विडीच्या पानाच्या मापाचे कागद कापून ठेवले आणि दोऱ्याची रिळं दिली. आजी तासन्‌तास कागद वळायच्या, दोरा बांधायच्या, मोजून जुड्या लावायच्या. मोजणी चुकायची, पण बोटं चुकायची नाहीत. रात्री नात सगळं सोडून कागद परत सुपात टाकायची. दिवसाची एक गोळी त्यामुळं कमी करता आली, डॉक्टरांना विचारून. तुमच्या सासूबाईंचे हात जन्मभर काय करत होते, ते आठवा. हरिपाठ, जात्यावरच्या ओव्या, आरत्या तोंडपाठ असतील तर त्याही कामाला येतात. नाव विसरलेली माणसं अख्खा अभंग म्हणताना मी पाहिली आहेत.

चोरीचा आळ मनाला फार लागतो, ते मला माहीत आहे. पण तो आळ नेहमी सगळ्यात जवळच्या माणसावर येतो, कारण हाताशी तेच असतं. हे वाक्य नणंदेला आधीच सांगून ठेवा, म्हणजे फोनवर आईनं 'ही माझे पैसे खाते' म्हटल्यावर तिच्या मनात किडा शिरणार नाही. त्या वस्तू स्वतः लपवतात आणि विसरतात. त्यांच्या नेहमीच्या जागा हेरून ठेवा: तांदळाचा डबा, उशीचा अभ्रा, गादीखाली, देव्हाऱ्यामागं. केर टाकायच्या आधी चाळा. आळ आला की सफाई देऊ नका, 'अगं बाई, पैसे गेले? चला, शोधूया' म्हणा आणि सापडू दे ते त्यांच्याच हाताला. दहा-दहाच्या नोटा घातलेला एक बटवा त्यांच्या कमरेला असू दे. चष्म्याचा दुसरा जोड करून ठेवा. दागिने आता घरात नकोत.

अंघोळीचं तुम्ही लिहिलं नाही, पण ते येईल. डोक्यावर एकदम पाणी ओतलं की त्या घाबरतात आणि दुसऱ्या दिवशी न्हाणीत यायलाच नकार देतात. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवा, अंगावर टॉवेल राहू द्या, पाणी पायापासून घालत वर या आणि प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगा. रोज अंघोळ झालीच पाहिजे असं काही नाही. आठवड्यातून दोनदा अंघोळ आणि बाकी दिवस कोमट पाण्यानं अंग पुसलं तरी पुरतं.

मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) लावायची सवय आपल्या भागातल्या या वयाच्या बायकांना असते. ती एका दिवसात तोडली तर चिडचिड वाढते. डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करा. मात्र तंबाखू भाजायचं काम आता त्यांच्याकडं नको.

रात्रीच्या झोपेबद्दल एक गोष्ट डॉक्टरांना जरूर विचारा. डोनेपेझिल रात्री घेतल्यावर काहींना झोप लागत नाही, भलतीसलती स्वप्नं पडतात. अशा वेळी डॉक्टर ती गोळी सकाळी करून देतात आणि तेवढ्यानं रात्र सुधारते. त्याच गोळीनं काहींची भूक जाते, जुलाब होतात, नाडी मंद होते. असं काही असेल तर सांगा. ही औषधं आजार घालवत नाहीत, काही काळ थोडा आधार देतात. ते आधीच माहीत असलं म्हणजे महिन्या-दोन महिन्यांत निराश होऊन बंद केली जात नाहीत.

याहून मोठी काळजी मला मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्यांची वाटते. सर्दीच्या आणि खाजेच्या गोळ्यांत क्लोरफेनिरामिन किंवा तसलं काही असतं, त्यानं म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ सरळ वाढतो. झोपेच्या गोळ्यांनी तोल जातो, माणूस पडतं. 'शांत करायच्या' म्हणून दिल्या जाणाऱ्या गोळ्या, म्हणजे हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, क्वेटियापिन, कधीकधी लागतात. पण डिमेन्शियात त्यांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कमीत कमी मात्रेत आणि थोड्याच दिवसांसाठी. सासूबाईंना समोर नसलेली माणसं, लहान मुलं दिसत असतील आणि चालणं ताठ झालं असेल तर हे डॉक्टरांना आधी सांगा. एका प्रकारच्या डिमेन्शियात या गोळ्या, विशेषतः हॅलोपेरिडॉल, फार बाधतात.

आणखी एक नियम भिंतीवर लिहून लावा. दोन-तीन दिवसांत अचानक बिघाड झाला, म्हणजे कालपर्यंत जेवत होत्या आणि आज ओळखत नाहीत, गुंगीत आहेत किंवा एकदम आक्रमक झाल्यात, तर तो डिमेन्शिया वाढल्यामुळं नाही असंच धरून चाला. लघवीचा जंतुसंसर्ग, छातीत कफ, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं, साखर किंवा सोडियम खाली जाणं, नवीन गोळी, डोक्याला लागलेला मार, यांपैकी काहीतरी असतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा. यातली बरीच कारणं बरी होतात, आणि देवऋष्याकडं घालवलेले चार दिवस महागात पडतात. देवाला जरूर जा. पण धुरी, उपास आणि मारझोड असलं काही त्यांच्या वाट्याला येऊ देऊ नका.

आता भाषेचं, कारण आपल्या भागात ते फार महत्त्वाचं आहे. सासूबाईंची स्मरणशक्ती तपासली तेव्हा प्रश्न कुठल्या भाषेत विचारले होते? घरात मराठी, बाजारात कानडी, सैन्यातल्या नवऱ्याबरोबर क्वार्टरमध्ये राहिल्यामुळं थोडी हिंदी, असं आपल्याकडं घरोघरी असतं. आजारात सहसा मागाहून शिकलेली भाषा आधी डगमगते. कानडीतून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर आलं नाही तर ते विस्मरण आहे की भाषा, ते कळत नाही. शाळा कमी झालेली असेल तर आणखीनच. म्हणून पुढच्या वेळी 'प्रश्न मराठीतून विचारा, नाहीतर मला शेजारी बसू द्या' असं स्पष्ट सांगा. बी-12, थायरॉईड, डोक्याचा स्कॅन झालाय का, उदासीचा आजार तपासलाय का, हेही विचारा. कानात मळ असणं आणि मोतीबिंदू असणं या दोन गोष्टींनी अर्धा गोंधळ होतो आणि दोन्हींवर इलाज आहे.

भाषेवरून आठवलं. मेंदूविकारतज्ज्ञ सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादमध्ये 648 रुग्णांचा अभ्यास केला होता, तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये डिमेन्शियाची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली होती, अगदी शाळा न शिकलेल्यांतही. आपल्या सीमाभागातली नातवंडं आजीशी मराठी आणि दारातल्या मित्राशी कानडी बोलतात, ते कुणी थांबवू नये असं मला फार वाटतं.

बाहेर निघून जाण्याची व्यवस्था या आठवड्यातच करा. कर्नाटकात 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत बायकांना सरकारी साध्या बसमधून फुकट प्रवास आहे. आपल्यासाठी ती मोठी सोय आहे. पण सासूबाईंच्या पिशवीत आधार कार्ड असेल तर त्या स्टँडवर जाऊन कुठल्याही बसमध्ये बसतील आणि पैसे मागायलाही कुणी येणार नाही. मूळ आधार काढून घ्या. त्याऐवजी हातात घट्ट बसणारी पट्टी किंवा गळ्यात लॉकेट घाला, त्यावर नाव, गाव आणि दोन मोबाईल नंबर, मराठीत आणि कानडीतही. कंडक्टर आणि पोलीस कानडी आधी वाचतील. स्टँडवरचा चहावाला, रिक्षावाले, शेजारच्या घरांना फोटो दाखवून ठेवा. लाजू नका. दाराला वरच्या बाजूला कडी आणि एक घुंगरू लावा. पण तुम्ही बाहेर गेलात तर त्यांना आत कोंडून कुलूप लावू नका, आग लागली तर बाहेर पडता येत नाही. विहिरीवर जाळी, शेतातल्या औषधाच्या बाटल्या कुलपात, गॅसचा कॉक सिलिंडरपाशी बंद. गेल्याच तर तासभर आपणच शोधत बसू नका, लगेच 112 लावा आणि आधी पाणी, रेल्वे रूळ आणि जुन्या शेताची वाट बघा.

पेन्शनचं आणि जमिनीचं थोडक्यात सांगते. हयातीचा दाखला आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही निघतो, बोटांचे ठसे उमटत नसले तरी अडत नाही. पोस्टमनही घरी येऊन काढून देतो. आजारी, वृद्ध खातेदारासाठी घरपोच बँक सेवा आणि अंगठ्यावर पैसे काढायची सोय रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत आहे, शाखेत जाऊन ती मागा. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसाठीच्या आरोग्य योजनेचं, कार्ड सासूबाईंच्या नावानं आहे का बघा. बेळगावात त्यांचं पॉलिक्लिनिक आहे, औषधांचा मोठा खर्च वाचतो.

मुखत्यारपत्राबद्दल बहुतेक घरांत गैरसमज असतो. देणाऱ्याची समज गेली की आपल्या कायद्यात साधं मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी ते केलं, त्याच दिवशी ते चालत नाही. मृत्युपत्र किंवा जमिनीची वाटणी त्यांना अजून समजत असेल तर डॉक्टरांचा त्या दिवशीचा दाखला घेऊन, वकिलासमोर करा. समजत नसेल तर कुणालाही त्यांचा अंगठा घेऊ देऊ नका, सख्ख्या लेकालाही नाही. तो कागद कोर्टात टिकत नाही आणि भावाभावांत वैर मात्र टिकतं. मोठी रक्कम किंवा जमीन अडलेली असेल तर पालक नेमून घ्यायला कोर्टात जावं लागतं.

मदत कुठं आहे? बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तालुक्याच्या दवाखान्यात मनोचैतन्य कार्यक्रमाखाली मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येतात, खानापुरात कुठला मंगळवार ते आशाताईंना विचारा. निम्हान्स (बेंगळुरूची मेंदू आणि मनाच्या आजारांची संस्था) आणि राज्य सरकारच्या कर्नाटक ब्रेन हेल्थ इनिशिएटिव्हमधून जिल्हा रुग्णालयांत ब्रेन हेल्थ क्लिनिक सुरू झाली आहेत. अवघड प्रकरण असेल तर धारवाडचं डिमहान्स हे मनाच्या आणि मेंदूच्या आजारांचं सरकारी रुग्णालय जवळ आहे. 14567 ही ज्येष्ठांची एल्डर लाइन, तिथं सोयी-सवलतींची आणि छळाच्या तक्रारींचीही दखल घेतात. पुण्याला किंवा मिरज-कोल्हापूरला दाखवलं तर तिथले कागद वेगळे आणि बेळगावचे वेगळे असं करू नका. एकच फाईल, आणि सगळ्यात वर चालू गोळ्यांची यादी.

एवढं सगळं असूनही सीमाभागात डिमेन्शियासाठीची दिवसभराची केंद्रं फार थोडी आहेत, आणि मराठीतून बोलणारी तर त्याहून थोडी. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात साठीपुढच्या लोकांपैकी 7.4 टक्क्यांना, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया आहे. त्यांतल्या बहुतेकांना घरातली एक बाई सांभाळते. मला याचा संताप येतो. गावागावांत महिला मंडळं आहेत, भजनी मंडळं आहेत, समाजमंदिरं दुपारी रिकामी असतात. आठवड्यातून दोन दुपारी चार-पाच आजी-आजोबांना एकत्र बसवून भजन आणि चहा एवढं जरी गावानं केलं तरी चार-पाच सुनांना झोप मिळेल. तुमच्या गावात हे विचारून बघा. आशाताई आणि अंगणवाडीच्या बाई सहसा नाही म्हणत नाहीत.

आता आश्रमाचा प्रश्न. नाही, ताई, ते चूक ठरत नाही. आजार वर्षानुवर्षं चालतो. पुढं असा टप्पा येतो की कूस बदलायला दोन माणसं लागतात, घास घशात अडकतो, रात्रंदिवस लघवी-संडास बघावं लागतं. त्या टप्प्यावर घरात माणूसबळ नसेल तर चांगल्या ठिकाणी ठेवणं हाही सांभाळण्याचाच प्रकार आहे. मात्र आज, त्या चालत्या-फिरत्या असताना आणि पाळीचा प्रयोग अजून केलेलाच नसताना, ती घाई नको. तो निर्णय तुमच्या एकटीच्या डोक्यावर नको, वहीवर सगळ्यांच्या सह्या घेऊन व्हावा.

जागा बघायला जाल तेव्हा न सांगता, संध्याकाळच्या वेळी जा. डिमेन्शियाची माणसं घेतात का, की अंथरुणात लघवी झाली की परत पाठवतात, ते विचारा. रात्री किती माणसांमागं किती सेविका, त्यातली मराठी बोलणारी कोण, कुणाला बांधून ठेवतात का, पडल्यावर कुठल्या दवाखान्यात नेतात, हे विचारा. अंगाला वास येतोय का, पायाची नखं कापलेली आहेत का, हे तिथल्या आजींकडं बघून कळतं. ठेवायचं ठरलंच तर एकदम सोडून येऊ नका. पहिले काही दिवस दुपारपुरतं न्या, त्यांची वाकळ, त्यांचा तांब्या, सासऱ्यांचा वर्दीतला फोटो आधी तिथं पोचवा, आणि सकाळी कधी उठतात, चहा कसा लागतो, घाबरल्या की काय म्हटल्यावर शांत होतात, हे कागदावर लिहून तिथल्या बाईंच्या हातात द्या, मराठीत आणि कानडीतही.